कोऱ्या काचेवरचा सुळका

कोऱ्या काचेनं गप्प बसायचं असतं, एवढंच तिचं काम. माझी कोरी काच महिनाभर बोलत होती आणि त्यापायी माझी झोप उडाली होती.

आधी काम काय होतं ते सांगते. पंच्याऐंशी साल. अंधेरी पूर्वेला कारखान्यांच्या मागे एका टेकाडावर आमची संशोधन संस्था होती, तिथे मी पीएच.डी. करत होते. काचेच्या मोठ्या हंडीतली हवा पंपानं काढून टाकायची, आत चांदीची तार तापवून तिची वाफ करायची, आणि ती वाफ वर टांगलेल्या काचपट्टीवर बसू द्यायची. आरशाला लावतात तशी जाड नाही. इतकी पातळ, की चांदी सलग न पसरता तिची बारीक बारीक बेटं व्हावीत. ही बेटं डोळ्यांना दिसत नाहीत. काच उजेडात धरली की फक्त जांभळट झाक दिसते, जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखी. या बेटांवर एखाद्या पदार्थाचे अगदी थोडे रेणू येऊन बसले आणि वरून लेसरचा हिरवा किरण सोडला, की यंत्राचं पेन कागदावर चालू लागतं आणि ठरावीक जागी सुळके काढतं. प्रत्येक पदार्थाचे सुळके वेगळे, अंगठ्याच्या ठशासारखे. साध्या काचेवर जे जन्मात दिसलं नसतं ते चांदीच्या बेटांवर दिसतं. आपल्याकडे तेव्हा हे काम करणारे फार थोडे होते. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

तर जिच्यावर चांदी आहे पण बाकी काहीच टाकलेलं नाही, ती कोरी काच. ती आधी तपासायची. तिच्यावर पेन सरळ, सपाट गेलं पाहिजे, तरच पुढच्या काचांवर विश्वास ठेवायचा. माझ्या कोऱ्या काचेवर सोळाशेच्या खुणेजवळ एक उंच सुळका यायचा आणि त्याच्या शेजारी दोन बुटके. काही न टाकता. रोज.

“परत तोच मेलो?” रत्नप्रभा राणे विचारायची. ती लेसर सांभाळायची. मूळची कणकवलीची, राहायला भांडुपला, आणि त्या इमारतीत मी जिला ‘अगं’ म्हणू शकत होते अशी एकटीच.

“परत तोच.”

“देवाक काळजी गो. खा काहीतरी आधी.”

मी डबा न उघडताच परत न्यायचे. माझे मार्गदर्शक डॉ. राजाराम पाळंदे कधी ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आलेखाचा कागद दोन बोटांनी कोपऱ्यात धरायचे, खिडकीकडे वळायचे आणि पाठमोरेच बोलायचे.

“ही कोरी काच आहे, मिस हिवराळे?”

“हो सर.”

“मग कोरी नाही. हे अस्वच्छ काम आहे.” मग थोडं थांबून, अगदी मऊ आवाजात, “तसा तुमचा दोष नाही म्हणा. स्वच्छता शिकवून येत नाही. ती सवय घरातून यावी लागते.”

शेजारच्या टेबलावर नंदकुमार बसला होता. तो माझ्याच वर्षाचा, त्याच हंडीवर काम करणारा. त्यानं एक स्क्रू उगाचच पिळायला घेतला.

सरांनी मुद्दाम म्हटलं नसेल, असं रत्नप्रभा नंतर म्हणाली. नसेलही. पण हा शब्द आमच्या घरात माझ्या आजोबांच्याही आजोबांनी ऐकलाय. तो कितीही मऊ आवाजात आला तरी मला ओळखू येतो. त्या दिवशी मी संडासात जाऊन रडले, आणि रडून झाल्यावर तोंड दोनदा धुतलं, कारण डोळ्यांतलं मीठसुद्धा काचेवर जाईल अशी भीती वाटली.

जूनमध्ये बंगळूरहून एक परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर कोरी काच सपाट दाखवता आली नाही तर माझी शिष्यवृत्ती पुढे चालणार नव्हती आणि हंडीचे माझे दिवस नंदकुमारला मिळणार होते. सरांनी हे तर आणखीच मऊ आवाजात सांगितलं. शिष्यवृत्ती गेली की मी घरी. मग ‘यांना सवलतीत घेतात, पण शेवटी…’ असं म्हणून अर्धं वाक्य हवेत सोडणाऱ्यांना उरलेलं अर्धं मिळणार होतं. मला पदवीपेक्षा त्या अर्ध्या वाक्याची जास्त धास्ती होती.

म्हणून मी धुवायला लागले. काचा ॲसिडमध्ये उकळल्या. पाणी तीनदा ऊर्ध्वपातित केलं. चांदीची तार नवीन मागवली, चिमटे नवीन मागवले, हातमोजे घातले, केसांना फडकं बांधलं. हात इतके चोळले की बोटांच्या पेरांची सालं निघाली. बसमध्ये दांडा नुसत्या हातानं धरायचे नाही, रुमालानं धरायचे. कुणी खोकलं तर मनात यायचं, आज हे काचेवर येणार. आणि हंडी उघडताना छातीत असं धडधडायचं की शेजारच्या पंपाच्या आवाजातही मला ते ऐकू यायचं.

सुळका तिथेच.

सर म्हणाले, पंपाचं तेल वर येत असेल. तेलाचा आलेख काढला. तेलाचे सुळके भलतीकडेच. साबण म्हणावं तर साबणाचे वेगळे. शिवाय एक गोष्ट मला आतून पोखरत होती. त्याच हंडीतून, त्याच पाण्यानं धुतलेल्या नंदकुमारच्या काचा सपाट यायच्या.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” तो एकदा पुटपुटला. मी ऐकलं हे त्याला कळावं म्हणून मी वळून पाहिलं. हंडी नाही, तेल नाही, पाणी नाही. मग उरलं कोण? मी. माझ्याच अंगाला काहीतरी आहे, आंघोळीनं न जाणारं. मी शिकलेली, विज्ञानाची विद्यार्थिनी, आणि तरी तसं वाटायचं. त्या दिवसांत मी स्वतःचा हात नाकाशी नेऊन हुंगत असे.

एका सकाळी बस पकडायच्या गडबडीत माझी एप्रनची पिशवी घरीच राहिली. रत्नप्रभानं आपला जादा एप्रन काढून दिला, तिच्या मापाचा, माझ्या अंगावर तंबूसारखा झालेला. त्या दिवशी मी नेहमीचंच सगळं केलं. काच लेसरखाली ठेवली. पेन निघालं, सोळाशेच्या जवळ आलं, आणि तसंच सरळ पुढे गेलं.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

“माझ्या एप्रनात देव आसा,” रत्नप्रभा म्हणाली.

“थांब. उद्या माझा घालून बघते.”

दुसऱ्या दिवशी माझा एप्रन, आणि सुळका हजर. मग मी माझ्या उजव्या बाहीचा काठ थोड्या अल्कोहोलमध्ये बुडवला आणि त्यातला एक थेंब चांदीच्या काचेवर सोडला. पेन इतकं उसळलं की कागदाच्या काठाला जाऊन टकटक आपटायला लागलं. रत्नप्रभानं धावत जाऊन यंत्र बंद केलं. काच हंडीत लावताना हात उंच करावा लागतो आणि बाही बरोबर काचेवरून जाते. हातमोज्यांनी हात झाकले होते, बाही कुणी झाकली होती? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं माझं झालं होतं. मी हसले. महिनाभरात पहिल्यांदा हसले असेन. आणि हसता हसताच थांबले, कारण एप्रन घरी धुतला जात होता.

आमचं घर घाटकोपरला, असल्फ्याच्या चढावर. पुढची खोली, मागची खोली, पुढच्या दारात मोरी. आई, मी आणि माझा मोठा भाऊ कुंडलिक. वडील, अंबादास हिवराळे, जालन्याकडून मुंबईला आलेले, मी शाळेत असतानाच गेले. कुंडलिकनं दहावीनंतर काम धरलं आणि मला शिकवलं. तो मुलुंडला एका गाळ्यात होता, जिथे कापडाचा लाल रंग बनवायचे. आधी तीन वर्षं तो रंगाच्या खोलीत होता. तेव्हा त्याची नखं, कानाच्या पाळ्या, बनियनचे काठ सगळं लाल असायचं, आणि चाळीतली पोरं त्याला होळी म्हणायची. मग त्याला पुढे घेतलं आणि ‘बेस’वर ठेवलं. बेस म्हणजे ज्या पावडरीपासून पुढे रंग तयार होतो ती. मळकट पांढरी. तिला वास नाही, आणि कपडे झटकले की झाले साफ. आम्हाला त्या बढतीचा किती आनंद झाला होता! आई म्हणाली होती, आता माझ्या पोराचे कपडे मास्तरासारखे दिसतील.

नळाला पाणी थोडा वेळच यायचं. त्यामुळे आई एकाच बादलीत साबणाचं पाणी करायची आणि त्यात तिघांचे कपडे भिजवायची. त्याचा कामावरचा सदरा, तिचं लुगडं, माझा एप्रन.

मी कुंडलिकच्या सदऱ्याचा खिसा उलटा करून त्यातली चिमूटभर धूळ कागदात घेतली. ती पाण्यात, ते पाणी हजारपट पातळ केलं, त्यातला थेंब काचेवर. कोऱ्या काचेचा आणि या धुळीचा, दोन्ही आलेख आम्ही खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. उंच सुळका उंच सुळक्यावर बसला, बुटके बुटक्यांवर.

“आता जा नि सरांका सांग,” रत्नप्रभा म्हणाली.

“काय सांगू? सर, तुमचं बरोबर होतं, घाण माझ्या घरातूनच आली, असं?”

तिनं आलेख खिडकीवरून खाली घेतले.

“एकदा बोलले ना, की जन्मभर तेच राहील बघ. हिची काच घाण का, तर हिचं घर घाण. रत्नू, माझी वाट लागेल.”

“मग मुकाट एप्रन वेगळो धू. कोणाक कळूचा नाय.”

तेच केलं. घाटकोपर स्टेशनबाहेरून एक निळी बादली आणली, त्यात माझा एप्रन वेगळा भिजवला, वेगळा खळबळला, आणि दोरीवर इतरांपासून लांब वाळत घातला. आई दाराशी उभी राहून बघत होती.

“मपल्या हातचं धुणं चालत न्हाई का आता?”

“तसं नाही गं आई. कामासाठी आहे. तिकडे फार स्वच्छ लागतं.”

“मंग आमी काय घाण हावो?”

“आई, नको ना. परीक्षा झाली की सांगते नीट.”

ती आत गेली. रात्री जेवताना मला वाढलं आणि ताट माझ्यापुढे जमिनीवरून सरकवलं, हातात दिलं नाही. “इटाळ व्हईल,” एवढंच म्हणाली. कुंडलिक मान खाली घालून जेवत राहिला. मला ओरडून सगळं सांगावंसं वाटलं. पण सांगितलं तर ती धुण्याची सगळी रीतच बदलेल, आणि सुळका नेमका कशानं गेला हे मला कळणार नाही, असं मी स्वतःला बजावलं. परीक्षक चार दिवसांवर आले होते. माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. आमच्यात पाणी वेगळं करणं ही साधी गोष्ट नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरीही मी ती बादली वापरत राहिले.

कोरी काच सपाट झाली. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. सरांनी आलेख या वेळी पूर्ण हातानं धरला.

“बघा, मनावर घेतलं की जमतं,” ते म्हणाले. “आता ते जुने घाणेरडे आलेख फाडून टाका. परीक्षकांपुढे नकोत.”

मी फाडले नाहीत. का, ते मलाही तेव्हा धड सांगता आलं नसतं. धुळीच्या आलेखासकट घडी करून पर्समध्ये ठेवले.

परीक्षक डॉ. चंद्रप्रकाश उंच, वाकलेले, चष्मा कपाळावर ढकलून वाचणारे गृहस्थ होते. आम्ही सगळे भौतिकशास्त्राचे, ते रसायनशास्त्राचे. मी बोलायला उभी राहिले तेव्हा खडू हातात दोनदा तुटला. चांदीची बेटं कशी बनवली ते सांगितलं. कोरी काच दाखवली. नेहमीच्या प्रयोगातले आलेख दाखवले. ते मान हलवत होते. सर खुर्चीत मागे रेलून बसले होते, आणि त्यांनी परीक्षकांकडे झुकून, मला ऐकू येईल असं म्हटलं, “सुरुवातीला फार अस्वच्छ काम होतं हिचं. मी अगदी पहिल्यापासून धडे दिले.”

माझं डोकं फिरलं. महिनाभराचं सगळं एकदम वर आलं.

“सर, काम अस्वच्छ नव्हतं,” मी म्हणाले. माझा आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. “काच खरं तेच सांगत होती. माझ्या एप्रनला एक पावडर लागत होती. घरी धुण्याच्या पाण्यातून येत होती, डोळ्यांना न दिसणारी. दहा वेळा खळबळूनही उरलेली. आपल्या चांदीनं ती पकडली. हे खरं तर आपलं सगळ्यात चांगलं निरीक्षण आहे.” आणि पर्समधून ते दोन्ही आलेख काढून मी टेबलावर ठेवले.

सरांचा चेहरा लाल झाला. नंदकुमार छताकडे बघत होता. माझ्या मनात आलं, झालं, संपलं, आता घरचं विचारतील, आणि मी सगळ्यांसमोर सांगेन, आणि हे लोक घरी जाऊन जेवताना सांगतील.

डॉ. चंद्रप्रकाशांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. आलेखावर बोट ठेवून ते सोळाशेच्या सुळक्यापासून बुटक्यांकडे गेले, मग परत आले. त्यांनी माझ्या घराबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते असं:

“ही पावडर कोण हाताळतं?”

“माझा भाऊ. रंगाच्या गाळ्यात. ते तिला बेस म्हणतात.”

“हातमोजे? तोंडाला काही?”

“नाही. ती साधीच असते. तिला वास नसतो.”

मी हे खरंच असं म्हणाले. भोपाळ होऊन सहा महिने झाले होते. आमच्याकडे जरा कुठे वास आला की लोक दारं लावून घ्यायचे. वास नाही तर विष नाही, एवढं सगळ्यांना पाठ झालं होतं, आणि मलाही.

त्यांनी आलेखावरचं बोट उचललं. मग हळू आवाजात बोलले, परीक्षक बोलतात तसं नाही. “बाई, मी नक्की सांगू शकत नाही, नमुना तपासावा लागेल. पण हे सुळके मला ओळखीचे वाटतात. या घराण्यातल्या काही पावडरी काही देशांनी कारखान्यांतून केव्हाच बंद केल्यात. त्या कातडीतून आत जातात. काही वर्षांनंतर मूत्राशयात रोग धरतो. तुमच्या भावाला डॉक्टरकडे न्या. आणि त्याचे कपडे कोण धुतं?”

“आई,” मी म्हणाले.

पुढे त्यांनी माझ्या कामाबद्दल चांगलं लिहिलं, शिष्यवृत्ती चालू राहिली, हे सगळं मला नंतर रत्नप्रभाकडून कळलं. मी तिथे थांबलेच नाही. बस साकीनाक्याला अडकली तेव्हा मी उतरून चालत सुटले. महिनाभर मी माझी काच वाचवत होते. दोन आलेख खिडकीवर एकावर एक धरून बघितले होते, आणि त्यांत मला फक्त माझी शिष्यवृत्ती दिसली होती. चालताना मला राहून राहून आईचे हात दिसत होते, रोज संध्याकाळी कोपरापर्यंत त्या पाण्यात.

घरी पोचले तेव्हा कुंडलिक नुकताच आला होता. सदरा काढून त्यानं मोरीच्या कडेला टाकला होता आणि आई तो उचलायला वाकली होती.

“हात लावू नकोस!” मी दारातूनच ओरडले.

आईनं हात मागे घेतला. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी सदरा कागदात गुंडाळून बाहेर ठेवला, तिला मोरीपासून उठवलं, तिचे हात साबणानं धुतले, आणि मग दोघांना खाली बसवून सगळं सांगितलं. बादली का आणली तेही सांगितलं.

कुंडलिक आधी हसला. “अगं वेडी, रंगातून बेसवर आलो तेव्हा पेढे कुणी आणले होते? तूच ना? आता विष म्हणतेस?”

“तेव्हा मला माहीत नव्हतं.”

“वास नाही, रंग नाही. कसलं विष यार! भोपाळला बघितलंस ना, कसं होतं ते?” मग तो चिडला. “आणि सोडून काय करू? तिथे सहा जण आहेत. त्यांना काय सांगू, माझी बहीण शिकलेली आहे म्हणून मी सुटलो?”

मी आलेख जमिनीवर पसरला. आईला वाचता येत नव्हतं. तिनं सुळक्यावरून बोट वर नेलं, खाली आणलं.

“ह्ये समदं मपल्या बादलीतलं?”

“हो.”

“अन् तू तुपलं तेवढं येगळं काढलंस.”

ती रागानं बोलली नाही. नुसतं म्हणाली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडले, आणि तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मधेच थांबवला, स्वतःच्या तळव्याकडे बघत. मी तो हात ओढून डोक्यावर ठेवला.

कुंडलिक भिंतीला टेकून बसला होता. त्याचा राग उतरला होता. तो आलेखाकडे बघत होता.

“हे हातावरचं झालं,” तो म्हणाला. “आत काय झालंय ते तुझी काच सांगते का?”

“नाही. त्यासाठी डॉक्टर. उद्याच जाऊ. ते विचारतील, लघवीला जळजळ होते का, त्रास होतो का…”

“आई,” तो म्हणाला, “जरा चहा टाक ना.”

आई उठून मागच्या खोलीत गेली. स्टोव्हचा पंप मारल्याचा आवाज येईपर्यंत तो थांबला. मग माझ्याकडे न बघता बोलला.

“लाल येते.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून असेल. कधी येते, कधी नाही. दुखत नाही काही.” त्यानं आवाज आणखी खाली आणला. “तीन वर्षं रंगात होतो ना गं. मला वाटलं, तो रंग निघतोय. म्हटलं, बरं झालं, आतून साफ होतंय.”